राष्ट्रपती निवडताना एरंडोलनेही बोलावं

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत एरंडोलचा मतदार रांगेत उभा राहत नाही, त्याच्या बोटाला शाई लागत नाही. त्यामुळे ही निवडणूक दिल्लीवाल्यांची, आपला तिच्याशी संबंध काय, असं सर्रास धरून चाललं जातं. मतदान कसं होतं हे पाहिलं की हा समज टिकत नाही. आपला आमदार मुंबईला विधान भवनात जातो, गुलाबी मतपत्रिका घेतो आणि निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने पहिल्या पसंतीच्या नावापुढे १ हा आकडा लिहितो. महाराष्ट्रात त्या एका मताचं मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी आणि मग हजाराने भागलं की १७५ येतात. म्हणजे ते मत आमदाराच्या पदरचं नाही, लोकांची डोकी मोजून त्याच्या हाती दिलेलं आहे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते, आणि २०२४ मध्ये एरंडोल-पारोळ्याने निवडून दिलेल्या आमदाराकडे हे मत असणार आहे.

मग उमेदवारात पाहायचं काय? आपल्या खान्देशात याचं उत्तर जिभेवर तयार असतं: आपला माणूस. ते पोकळ नाही. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावातून आमदार झाल्या, पुढे एदलाबादमधून पुन्हा पुन्हा निवडून आल्या आणि २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्या वेळी भाजपचा मित्रपक्ष असलेल्या शिवसेनेने भैरोसिंह शेखावतांना बाजूला ठेवून मराठी उमेदवार म्हणून त्यांना मतं दिली. २०२२ मध्ये आदिवासी समाजातल्या मुर्मू निवडून आल्या तेव्हा धुळे-नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये कुणाला अभिमान वाटला असेल, तर तो रास्तच होता. ज्यांना शतकानुशतकं दाराबाहेर ठेवलं, त्यांच्यातलं कुणी सर्वोच्च पदावर बसणं ही शोभेची बाब नव्हे. पण माणूस कुठला, कोणत्या समाजाचा, हे विचारून आपण थांबतो. कागद समोर आला की तो काय करील, हे विचारायचं राहून जातं.

या पदाचं सारं वजन त्या कागदावरच्या सहीत आहे. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मंत्रिमंडळाचा निर्णय कुठे आहे, एवढा एक प्रश्न त्या रात्री विचारता आला असता. महाराष्ट्राचा अनुभव तर ताजा आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राज्यातली राष्ट्रपती राजवट उठल्याची अधिसूचना निघाली. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, पंतप्रधानांच्या विशेष अधिकारात शिफारस गेली होती आणि ती रातोरात मंजूर झाली. सकाळी नव्या सरकारचा शपथविधी झाला आणि चौथ्या दिवशी ते सरकार पडलं. याउलट, ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. मंत्रिमंडळाने ती सोडून दिली आणि निवडून आलेलं सरकार वाचलं. २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक अब्दुल कलामांनी परत केलं. संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर त्यांनी सही केली, पण दरम्यान देशभर त्यावर चर्चा झाली.

राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले, मग माणूस कोणी का असेना, असा आक्षेप घेतला जातो. बांधलेले आहेत हे खरंच. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार त्यांना स्पष्टपणे दिला आहे. तो वापरायला बंडखोर लागत नाही, कागद नीट वाचणारा माणूस लागतो. दुसरी भीती अशी की ताठ कण्याचा राष्ट्रपती निवडून आलेल्या सरकारची अडवणूक करील. ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण तोच सल्ला दुसऱ्यांदा आला की सही करावीच लागते, आणि घटना पायदळी तुडवणाऱ्याला महाभियोगाने दूर करता येतं. घाईघाईत झालेल्या सहीवर मात्र असा तयार उपाय नाही, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तिसरा आक्षेप सगळ्यांत व्यवहारी आहे: आमदार पक्षाचंच ऐकणार. ऐकतीलही, पण या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही, मतदान गुप्त असतं, आणि वेगळं मत दिलं म्हणून पक्षांतरबंदीखाली आमदारकी जात नाही. म्हणजे आमदाराला विचार करायला कायद्याने मोकळीक दिली आहे. त्याला कुणी विचारतच नाही, ही उणीव आपली आहे. कासोद्याच्या बाजारात, एरंडोलच्या नगरपालिकेसमोर, पारोळ्याच्या सभेत आमदार भेटले की रस्ता आणि पाणी मागाच. पण २०२७ पूर्वी एकदा हेही विचारा, की जांभळ्या शाईने तुम्ही १ कुणापुढे लिहिणार आणि का.