गलाईला गेला म्हणजे सोन्यात लोळला?

विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळपासून माण-खटावपर्यंत एक वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्यावर कुणी उलट विचारतच नाही: ‘पोरगं गलाईला गेलं, आता सोन्यातच हात.’ या समजावर लग्नं ठरतात, जमिनी गहाण पडतात, शिक्षण अर्धवट टाकून मुलं कोइमतूर, त्रिशूर, कोलकात्याच्या गाड्या पकडतात. हात सोन्यात असतो हे खरं. पण ते सोनं त्याचं नसतं, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते आणि तरीही ऐकली जात नाही.

गलाईचा, म्हणजे मोडीचे दागिने आटवून चोख सोनं वेगळं काढण्याचा, धंदा चालतो तो टंचावर, सोन्याच्या शुद्धतेच्या मापावर. मोडीत आलेल्या २२ कॅरेटच्या १०० ग्रॅम दागिन्यांत चोख सोनं असतं जास्तीत जास्त ९१.६ ग्रॅम, बाकी तांबं, चांदी, जस्त. ते वेगळं काढायचं तर आधी सोन्यात चांदी मिसळावी लागते, एका भागाला साधारण तीन भाग, कारण सोन्याचं प्रमाण जास्त राहिलं तर नायट्रिक आम्ल आतल्या चांदी-तांब्यापर्यंत पोहोचतच नाही. मग मूस, टाकणखार, भट्टी, आम्ल, धुणं, पुन्हा आटवणं. एवढं करून गलाईवाल्याला मिळते ती गाळण्याची मजुरी, किंवा माल स्वतः घेतला असेल तर खरेदी-विक्रीतला बारीक फरक. टंच धरताना १ टक्का चुकला, तर १०० ग्रॅममागं १ ग्रॅम सोनं गेलं; तोळ्याला लाख रुपये भाव धरला तर ते दहा हजार रुपये होतात. परमुलखातलं दुकानभाडं, राहणं-खाणं, जोखमीचा माल सांभाळणं हे सगळं त्याच फरकातून भागवायचं. आणि नव्या मुलाच्या वाट्याला हा फरकही येत नाही. तो आधी काही वर्षं नातेवाइकाच्या दुकानात पगारावर राबतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: मग गावातले ते दुमजली बंगले, ती देवळांना दिलेली देणगी कुठून आली? प्रश्न रास्त आहे. ज्यांचं जमलं ते यात्रेला गाडी घेऊन येतात आणि दिसतात. ज्यांचं बुडालं ते गुपचूप परततात आणि दिसत नाहीत. शिवाय जमलेल्यांच्या कमाईत काळाचा वाटा मोठा आहे. १० ग्रॅम सोन्याचा भाव २००० साली सुमारे ४,४०० रुपये होता, २०१० मध्ये १८,५०० च्या आसपास गेला आणि २०२५ मध्ये त्यानं लाख ओलांडला. त्या काळात ज्यांनी थोडं थोडं सोनं शिलकीत ठेवलं, त्यांना या चढत्या भावानं वर काढलं. पण हीच चढण आज सुरुवात करणाऱ्याच्या मुळावर येते. २००० साली १०० ग्रॅम माल घ्यायला ४४ हजार पुरत, आता दहा लाखांवर लागतात. चुलत्यानं केलं ते पुतण्याला त्याच वाटेनं जमेल, हा हिशेबच चुकीचा आहे.

दुसरा समज जिवावर बेतणारा आहे: ‘तोंडाला रुमाल बांधला की झालं.’ आम्लातून उठणारा तांबूस धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून घशाला फार झोंबत नाही आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. फुप्फुसात पाणी भरणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतं. रुमाल सोडाच, धुळीसाठीचा साधा मास्कही वायू अडवत नाही. त्याला बाहेर नेणारी चिमणी आणि पंखाच लागतो.

बाकीचे समज थोडक्यात. गलाई म्हणजे सोनारकी नव्हे. सोनार दागिना घडवतो, गलाईवाला तो आटवून धातू वेगळे करतो, आणि यातले बहुतेक शेतकरी घरांतले आहेत. पोलिसांनी उचललं म्हणजे चोर, असंही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ (पूर्वीचं भादंवि ४११) लागायला माल चोरीचा असल्याची जाणीव किंवा तसं मानायला सबळ कारण असावं लागतं, म्हणून विकणाऱ्याची ओळख आणि पावती वहीत असणं हाच बचाव. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी गावाला आलं की सगळे परततील, हेही खरं नाही. पाण्यानं शेत पिकेल, पण मोडीचे दागिने सराफ बाजारातच येणार. आणि जिथं सोनं निघतं तिथंच जाऊन बसावं असं वाटणाऱ्यांनी सहारालगतच्या साहेलकडं पाहावं. माली हा आफ्रिकेतल्या मोठ्या सोनेउत्पादक देशांपैकी एक. पण तिथं जिवाची शाश्वती नाही: तिथल्या कायीसमधल्या सिमेंट कारखान्यातून १ जुलै २०२५ रोजी तीन भारतीय कामगारांचं अपहरण झालं, आपल्या परराष्ट्र मंत्रालयानंच ते जाहीर केलं. शिवाय साहेलमधल्या छोट्या खाणींचं बरंच सोनं शुद्ध व्हायला दुबईला जातं.

मुलाला पाठवणाऱ्या घरानं शेठला पगाराआधी दोन गोष्टी विचाराव्यात: भट्टीचा धूर कुठून बाहेर जातो, आणि खरेदीची वही कोण लिहितं? नीट उत्तर मिळालं नाही, तर मुलाला गाडीत बसवू नका.