दुपारी पावणेचारला मगरिब : ब्रिटनचा हिवाळा आपल्या मुलांच्या मनावर काय करतो?

केममध्ये आभाळ आलं की माणसं घराबाहेर येऊन वर बघतात. कुंकवासाठी ओळखलं जाणारं हे आमचं गाव करमाळा तालुक्यात आहे आणि पावसाच्या बाबतीत हा तालुका काही नशीबवान नाही. ढग म्हणजे आमच्यासाठी खूशखबर. त्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात माझ्या भाचीने ब्रॅडफर्डहून फोन करून "इथल्या ढगांनी जीव नकोसा झालाय" असं सांगितलं, तेव्हा घरात कुणालाच ते कळलं नाही. माझी आपा, म्हणजे तिची अम्मी, म्हणाली, "इथं आम्ही पावसासाठी दुआ मागतो आणि हिला ढग नकोत!"

भाची सप्टेंबरात एमएस्सीसाठी उत्तर इंग्लंडमधल्या या शहरात गेली. पहिले दोन महिने रोज व्हिडिओ कॉल, नव्या मैत्रिणी, बाजारात मिळणाऱ्या हलाल मटणाचे फोटो, सगळं जोरात होतं. नोव्हेंबर उजाडला आणि फोन कमी झाले. दहा-अकरा तास झोप, तरी अंग जड. जेवण म्हणजे ब्रेड आणि बिस्किटं. लेक्चर बुडायला लागली. घरी तर्कवितर्क सुरू झाले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं घरची आठवण येत असेल, कुणाला संगतीची शंका. मी शिक्षिका, मीही काही वेगळं केलं नाही. "नमाज सोडू नकोस, मन लागेल," एवढं बोलून मोकळी झाले.

त्यावर ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. "खाला, नमाज पढते मी. पण झोपून उठेपर्यंत जोहर होते आणि आवरून बाहेर बघेपर्यंत मगरिब. दिवस माझ्यापर्यंत येतच नाही."

तेव्हा मी पहिल्यांदा तिथल्या नमाजच्या वेळा उघडून पाहिल्या. डिसेंबरच्या शेवटी ब्रॅडफर्डला सूर्य उगवतो सव्वाआठनंतर आणि मावळतो दुपारी पावणेचारच्या सुमारास. जेमतेम साडेसात तासांचा दिवस. त्याच दिवसांत आपल्याकडे तो साधारण अकरा तासांचा असतो. तिथे जोहर, असर आणि मगरिब चार तासांच्या आत उरकतात. जूनमध्ये सगळं उलटं, मगरिबलाच रात्रीचे साडेनऊ वाजून जातात.

पाऊस नव्हे, उजेड

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे मी वर्गात पृथ्वीगोल हातात धरून कितीतरी वर्षं शिकवते आहे. या कलण्याचा एखाद्या मुलीच्या झोपेशी आणि रडण्याशी संबंध असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. केम १८ अक्षांशाच्या आसपास, ब्रॅडफर्ड जवळजवळ ५४ वर. २१ डिसेंबरला भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. तिथे तो १३ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे आकाश मोकळं असलं तरी तिथली दुपार आपल्या सकाळी आठच्या उन्हासारखी तिरपी. त्यात ढग.

आपल्याला वाटतं तिथे पाऊस फार पडतो म्हणून माणसं वैतागतात. लंडनचा आकडा पाहून मी चकित झाले. तिथे वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपला सोलापूर जिल्हा, ज्याला आपण दुष्काळी म्हणतो, त्याची सरासरी साडेपाचशेच्या घरात आहे. मुंबईत तर बावीसशेच्या वर पडतो. (ब्रॅडफर्ड डोंगराच्या कुशीत आहे, तिथे लंडनपेक्षा जास्त पडतो, हे खरं.) फरक आहे तो पडण्याच्या रीतीत. आपला पाऊस चार महिन्यांत, थोड्याच दिवसांत धो धो कोसळतो आणि जातो. लंडनचा शंभरावर दिवसांत वाटला जातो. भिजवतही नाही, थांबतही नाही. आणि डिसेंबरच्या पूर्ण महिन्यात लंडनला ऊन मिळतं ते सारं मिळून साठएक तास. आपल्याकडे त्या महिन्यात तेवढं ऊन एका आठवड्यात मिळतं.

इथे कुणी विचारेल, मग कोकणात आषाढ-श्रावणात आठवडे-आठवडे सूर्य दिसत नाही, तिथे असं का होत नाही? थोडं होतंही. रत्नागिरीच्या माझ्या एका सहकारी मॅडम सांगतात की जुलैच्या शेवटी घरात सगळे चिडचिडे होतात. पण तेव्हा आपला दिवस तेरा तासांचा असतो आणि ढगांच्या मागचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ढगांतून गाळून आलेला तो उजेडही ब्रिटनच्या डिसेंबरातल्या उजेडापेक्षा किती तरी जास्त भरतो.

मराठीत 'मळभ' हा शब्द आभाळासाठीही आहे आणि मनासाठीही. ज्यांनी तो वापरात आणला त्यांना डॉक्टरांच्या आधीच काहीतरी कळलं असावं.

शरीरात होतं काय, ते सोप्या शब्दांत सांगते. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम बघणं नाही, उजेड मोजणं आहे. त्या मेंदूतल्या घड्याळाला खबर देतात की दिवस झाला. खबर पोचली की झोप आणणारं मेलाटोनिन हे रसायन कमी होतं आणि माणूस ताजातवाना होतो. उजेड पुरेसा नसेल तर घड्याळ मागे पडतं. अंग उठतं, पण आतून रात्र संपलेली नसते. मन स्थिर ठेवण्यात ज्याचा वाटा मानतात त्या सेरोटोनिनवरही याचा परिणाम होत असावा, असं संशोधक सांगतात. सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही. काहींना नुसता आळस येतो, काहींना खरंखुरं नैराश्य.

या आजाराला नाव मिळालं १९८४ मध्ये. नॉर्मन रोझेंथल हे मनोविकारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे. उन्हाच्या देशातून अमेरिकेत आले आणि तिथल्या हिवाळ्यात आपण मंदावतो, वसंतात पुन्हा उभारी येते, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवलं. पुढे सहकाऱ्यांबरोबर अभ्यास करून त्यांनी या ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याची लक्षणं वाचताना मला भाचीचाच फोन ऐकू येत होता : जास्त झोप, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ, माणसं नकोशी होणं, कशातच रस न वाटणं, आणि हे दरवर्षी त्याच महिन्यांत येणं. तिची पहिलीच थंडी होती, त्यामुळे डॉक्टरांनी घाईने शिक्का मारला नाही. पण उजेडाचा विषय त्यांनीच काढला.

आपल्याआधी गेलेल्या

ब्रिटनच्या या आभाळाखाली आपली माणसं आज जात नाहीत. कोकणातले मुस्लिम खलाशी ब्रिटिश बोटींवरून तिथल्या बंदरांत पोचले, पुढे काही कुटुंबं लंडन, बर्मिंगहॅमकडे स्थायिक झाली. शिकायला गेलेल्यांत मला अतिया फैजी यांचं नाव जवळचं वाटतं. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातल्या, जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांच्या धाकट्या बहीण. १९०६ मध्ये त्या शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या. तिथून लिहिलेला त्यांचा रोजनामचा लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'मध्ये छापून येत असे, १९२१ मध्ये तो 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपात आला. तब्येत साथ देईना म्हणून अभ्यासक्रम अर्धवट ठेवून त्या परतल्या. हवामानानेच असं झालं असं मी म्हणणार नाही. पण तेव्हाचं लंडन आजच्यापेक्षा फार काळवंडलेलं होतं. घराघरांत दगडी कोळसा जळायचा आणि धुकं धुरात मिसळून दुपारी दिवे लावावे लागायचे. डिसेंबर १९५२ मध्ये अशा विषारी धुक्याने पाच दिवसांत हजारो बळी घेतल्यावर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. धूर गेला. ढग आणि छोटा दिवस तेवढे राहिले.

दक्षिण आशियाई कुटुंबांना या कमी उन्हाची किंमत हाडांतही मोजावी लागली. १९६० च्या दशकात ग्लासगोसारख्या शहरांत आपल्याकडून गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांना मुडदूस झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. कारण 'ड' जीवनसत्त्व. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या उन्हातून ते अंगात तयारच होत नाही. म्हणून तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, थंडीच्या काळात सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते. सावळ्या त्वचेच्या आणि अंगभर कपडे घालणाऱ्यांनी वर्षभर घ्यावं असंही सांगते. आपल्या मुली दोन्हींत बसतात. बऱ्याच कॅप्सूल जिलेटिनच्या असतात, तेव्हा डबीवर हलाल किंवा शाकाहारी लिहिलेलं पाहून घ्यावं. साध्या गोळ्या आणि स्प्रेही मिळतात. मात्र या गोळीने उदासी जाईलच, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी आहे.

भाचीचं काय चुकत होतं

ती संध्याकाळी एका गोदामात काम करायची. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, ते तिने रात्रीच्या पाळीत घेतलं होतं, कारण लेक्चर बुडू नयेत. पहाटे दोनला परत, फजर होईपर्यंत जागरण, मग झोप. उठायला बारा. साडेसात तासांच्या दिवसातले साडेतीन तास हातात, तेही खोलीत, पडदे लावून, हीटरजवळ. खोलीही ओलसर, कपडे आतच वाळत घातलेले, कोपऱ्यात काळी बुरशी. ढगांना दोष देताना तिने उरलेला दिवस स्वतःच झोपेत घालवला होता. हे तिला कुणी सांगितलंच नाही. आम्ही तर फक्त ओरडत होतो.

उजेड लक्समध्ये मोजतात. आपल्या भर उन्हात तो लाखाच्या आसपास जातो. दिवा लावलेल्या खोलीत शंभर ते तीनशे. आणि ब्रिटनच्या ढगाळ दुपारी घराबाहेर, जिथे आपल्याला 'काही उजेडच नाही' असं वाटतं, तिथेही तो हजारांत असतो. म्हणजे वाईटातली वाईट दुपारसुद्धा खोलीपेक्षा कितीतरी पट चांगली. आपले डोळे कमी उजेडाशी जुळवून घेतात, म्हणून हा फरक जाणवत नाही.

तिने पाळी बदलून शनिवार-रविवार दिवसाची घेतली. सकाळी नऊला बाहेर, पाऊस असला तरी अर्धा तास चालणं. छत्रीचा तिथे उपयोग नाही, वारा उलटी करतो. टोपीचं जाकीट लागतं. जोहरसाठी खोलीत मुसल्ला अंथरण्याऐवजी विद्यापीठाच्या नमाजखोलीपर्यंत चालत जाणं. दहा हजार लक्सचा दिवाही मिळतो, सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. काहींना त्याने बरं वाटतं, पण त्याबद्दलचे पुरावे अजून पक्के नाहीत आणि डोळ्यांचा त्रास असेल किंवा औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. तिने तो घेतला नाही, पैसे वाचवले.

महत्त्वाचं म्हणजे ती डॉक्टरांकडे गेली. आपली मुलं इथेच अडतात. "लंडनला पाठवलं, लाखो खर्च केले, आणि आता उदास?" हे ऐकावं लागेल म्हणून गप्प बसतात. त्यात नाशुक्रीचं ओझं. अल्लाहने एवढं दिलं आणि मी रडते, असं भाची दोन महिने स्वतःला सुनावत होती. ताप आला तर कुणी नाशुक्री म्हणत नाही. मग यालाच का? दवा घेणं तवक्कलच्या आड येत नाही, हे आपले मौलानाही सांगतात. पैशांचं म्हणाल तर व्हिसा काढतानाच विद्यार्थी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरतो. डॉक्टरांची फी तिथेच चुकती झालेली असते. राहत्या भागातल्या दवाखान्यात नाव नोंदवायचं, बस. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशकही असतात, वेगळे पैसे पडत नाहीत. जगणंच नको असं वाटू लागलं तर थंडी सरण्याची वाट बघायची नाही. तिथे 'समॅरिटन्स'चा ११६ १२३ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. इथे घरच्यांना बोलायचं असेल तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट आमच्या बाजूनेही बदलली. थंडीत ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. आपा रोज रात्री सव्वानऊला, सगळी कामं आटोपून फोन करायची. तिकडे तेव्हा नेमका सूर्य मावळत असायचा. दिवसातली सगळ्यात उदास वेळ, आणि त्याच वेळी अम्मीचा प्रश्न, "तुझा आवाज असा का येतोय?" आता ती संध्याकाळी साडेपाचला करते. तिकडे दुपारचे बारा. सलाम झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाहेर आहेस ना, बेटा?"