संपाला ‘स्ट्राइक’ का म्हणतात?

गोदावरीकाठचं आमचं पुणतांबा एरवी ओळखलं जातं ते चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे. जून २०१७ मध्ये मात्र ते देशभर गाजलं शेतकऱ्यांच्या संपामुळे. त्या दिवसांत माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या आठवीतल्या एका मुलाने पेपरातला ‘फार्मर्स स्ट्राइक’ हा मथळा वाचला आणि विचारलं, “सर, स्ट्राइक म्हणजे मारणं ना? मग आपल्या लोकांनी मारलं कोणाला?”

शंका रास्त होती. शब्दकोशात ‘स्ट्राइक’चा पहिला अर्थ ‘प्रहार करणे’ असाच सापडतो. वीज पडते तेव्हा ती ‘स्ट्राइक’ करते, घड्याळाचे ठोके पडतात तेही ‘स्ट्राइक’. एखादी कल्पना अचानक सुचली, तर इंग्रज म्हणतो, ती मला ‘स्ट्राइक’ झाली.

पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ इतका आक्रमक नव्हता. हात फिरवणे, घासणे, सरकणे असा तो होता. कुरवाळणे या अर्थाचा ‘स्ट्रोक’ हा शब्द त्याच घराण्यातला. प्रहाराचा अर्थ नंतर आला. ‘स्ट्राइक अ मॅच’ म्हणताना काडीला कोणी मारत नाही, ती घासतात. आपणही ‘काडी ओढली’ असंच म्हणतो. नाव खोडणे म्हणजे ‘स्ट्राइक ऑफ’. त्यातही रेघ ओढणंच आहे.

याच शब्दाला खलाशांच्या भाषेत आणखी एक अर्थ होता: शीड खाली उतरवणे. १७६८ साली इंग्लंडमध्ये संडरलंड बंदरातल्या खलाशांनी आपली गाऱ्हाणी जाहीर वाचून दाखवली. मग ते जहाजांवर चढले आणि शिडं ज्यांवर बांधतात ते आडवे वासे त्यांनी खाली उतरवले. शीडच नाही, तर जहाज हलणार कसं? हे शिडं उतरवणं म्हणजे ‘स्ट्राइक’. पुढे कोणीही काम थांबवलं, की त्याला तोच शब्द लागू झाला.

आता आपला ‘संप’ पाहा. गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा. मराठीतही त्याचा जुना अर्थ एकजूट, संगनमत असाच. म्हणजे इंग्रजी शब्द सांगतो काय केलं, आणि मराठी शब्द सांगतो ते कशाच्या बळावर केलं.

पुणतांब्यात दोन्ही अर्थ पाहायला मिळाले. एप्रिल २०१७ मध्ये ग्रामसभेने ठराव केला आणि १ जूनपासून दूध, भाजीपाला शहरांकडे पाठवणं थांबलं. मागण्या होत्या कर्जमाफीच्या आणि उत्पादन खर्चावर आधारित हमीभावाच्या. हे झालं शीड उतरवणं. काही ठिकाणी दूध रस्त्यावर ओतलं गेलं, ते पाहून अनेकांना वाईटही वाटलं. मग ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाल्यावर काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. इतरांना ते मान्य झालं नाही आणि आंदोलन चालूच राहिलं. संप चालू होता, पण ‘संप’ या शब्दातला एकोपा मात्र त्या पहाटे दुभंगला. २४ जूनला सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. हमीभावाचा प्रश्न मात्र बाकीच राहिला.

विद्यार्थ्यांनी एक रूपही लक्षात ठेवावं. ‘स्ट्राइक’चं भूतकाळी रूप ‘स्ट्रक’. पण संकटाने गाठलेल्या माणसासाठी ‘स्ट्रिकन’ हे जुनं रूप टिकून आहे. दुष्काळग्रस्त म्हणजे ‘ड्रॉट-स्ट्रिकन’. नगर जिल्ह्यातल्या मुलांना हा शब्द वेगळा समजवावा लागत नाही.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, “बाळा, मारलं कोणालाच नाही. शिडं उतरवली.” त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “पण सर, जहाज तर आपलंच होतं ना?”

याचं उत्तर कुठल्याच शब्दकोशात नव्हतं.