बाबांची गोळी झाली बंद!

जेवणानंतर ॲस्पिरिनची छोटी गोळी, की हार्ट एकदम सेफ! ७३ वर्षांच्या माझ्या बाबांचा हा जुना फंडा. हार्टचा त्रास कधीच नव्हता, तरीही. परवा फॅमिली डॉक्टरांनी ती बंद केली.

'अहो, तुम्हीच दिली होतीत ना?' मी चक्रावलेच.

'तेव्हा आम्हाला तेच बरोबर वाटायचं.'

२०१८ मध्ये 'ॲस्प्री' चाचणीचे निष्कर्ष आले. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले १९,११४ निरोगी ज्येष्ठ. गोळीचा हार्टला खास फायदा नाही, उलट रक्तस्राव जास्त! ॲटॅक येऊन गेलेल्यांना, स्टेंट बसवलेल्यांना मात्र ती लागतेच. तेव्हा घरच्यांची गोळी परस्पर थांबवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

बाबा अजून बेचैन आहेत. मी मात्र निर्धास्त. स्वतःचंच प्रिस्क्रिप्शन खोडणारा डॉक्टर आणखी कुठे मिळणार?