प्रज्ञा : नाव एक, स्पेलिंग चार



'प्रज्ञा' हे नाव देवनागरीत एकाच पद्धतीने लिहितात, उच्चार मात्र भाषेगणिक बदलतो. 'ज्ञ' हे जोडाक्षर ज् + ञ मिळून झाले आहे. मराठीत आपण त्याला 'द्न्य' म्हणतो, हिंदीत 'ग्य', तर गुजरातीत 'ग्न'. म्हणून इंग्रजीत पी-आर-ए नंतर मराठी घरात डी-एन-वाय-ए येते, हिंदी घरात जी-वाय-ए, गुजराती घरात जी-एन-ए. संस्कृत अक्षरांप्रमाणे लिहिणारे जे-एन-ए लिहितात. यातले एकही चूक नाही.

घोळ होतो तो कागदावर. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे असले, की शिष्यवृत्तीच्या वेळी पालकांना हेलपाटे घालावे लागतात. जन्मनोंदणीत बाळाचे नाव पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येते. तेव्हा घाई नको. घरात बसून एक स्पेलिंग ठरवा आणि पुढे सगळीकडे तेच ठेवा.

शिक्षकांनी इंग्रजी यादीवरून हजेरी घेताना आधी मुलीलाच विचारावे, "बाळा, घरी तुला काय म्हणून हाक मारतात?" तोच उच्चार वर्गात ठेवावा. ज्ञानेश, यज्ञेश, सर्वज्ञ या नावांनाही हेच लागू आहे.