सागरी इंजिनाच्या एक्झॉस्टचे असमान शीतलन : निदानाची दिशा

बहुतेक सागरी डिझेल इंजिनांत ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या एक्झॉस्ट वायूंमध्ये समुद्राचे पाणी सोडले जाते. त्यामुळेच पुढे रबरी नळी वापरणे शक्य होते. हे पाणी सर्व बाजूंस न पसरल्यास नळी एका अंगाने आतून जळत जाते. इंजिनावरील तापमापकाचा काटा मात्र बहुधा स्थिर राहतो, कारण तो इंजिनातील गोड्या पाण्याचे तापमान दर्शवितो, नळीचे नव्हे.

निदानाचा आरंभ मोजमापाने व्हावा. इंजिन एकाच गतीने भाराखाली चालवून, मिश्रण-एल्बोच्या लगेच पुढे, अवरक्त तापमापकाने नळीच्या परिघावर चार ठिकाणी नोंद घ्यावी. आडव्या नळीत पाणी तळाशी बसते. माथा काहीसा उष्ण असणे हा दोष नव्हे. चारही बिंदू अतितप्त असल्यास पाणीच अपुरे आहे, असे समजून गाळणी व पंपाचा इंपेलर पाहावा. इंपेलरचे पाते तुटलेले आढळल्यास केवळ नवा इंपेलर बसवून भागत नाही. तुटका तुकडा बहुधा उष्णता-विनिमयकाच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि तो शोधण्याचा कंटाळा हीच या दुरुस्तीतील नित्याची चूक होय.

एकच बाजू तापत असल्यास संशय एल्बोवर घ्यावा. क्षार, गंज व काजळीने त्यातील काही जलमार्ग बुजतात. व्ही-आकाराच्या इंजिनात दोन एल्बो असल्याने तुलना सोपी जाते. आतील भिंत झिजली असल्यास नुसती सफाई धोक्याची ठरते: इंजिन बंद असताना खारे पाणी झिरपून उघड्या झडपेवाटे सिलिंडरमध्ये शिरू शकते. जळालेल्या नळीतून निसटणारा कार्बन मोनॉक्साइड तर केबिनमध्ये वासानेही कळत नाही.