हृदयाचा ताल आणि विजेचा झटका

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक नको असलेला पाहुणा आला: एट्रियल फिब्रिलेशन. ह्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे ठेका सोडून नुसते थरथरू लागले. जिना चढताना धाप, रात्री छातीत पाखरू फडफडल्यासारखं. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी ॲब्लेशन सुचवलं. मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि फुप्फुसाच्या शिरा डाव्या कप्प्याला मिळतात तिथले, चुकीचे इशारे देणारे स्नायू निकामी करायचे.

हे भाजून किंवा गोठवून करतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. अडचण अशी की हृदयाच्या अगदी पाठीशी अन्ननलिका असते, आणि उष्णता काही हद्द ओळखत नाही. अन्ननलिकेला इजा होऊन भोक पडलं तर जिवावरच बेततं. क्वचित, पण घडतं. डॉक्टर म्हणाले, "आता विजेच्या झटक्यांनी करता येतं."

सांगलीला फोनवर हे कळताच सासूबाई म्हणाल्या, "अगं, शॉक लागून माणसं जातात, आणि तुम्ही पैसे देऊन घेताय?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही दोघं वाचायला बसलो.

पेशीचं आवरण सुमारे ५ नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. हृदयाच्या स्नायूपेशीत त्याच्या आतबाहेर ०.०८ व्होल्टच्या आसपास फरक असतो. ऐकायला काहीच नाही. पण इतक्या पातळ पडद्यावर हिशेब मांडला तर सेंटिमीटरला दीड लाख व्होल्ट! हवेत ३०,००० लाच ठिणगी पडते. बाहेरून विद्युत्क्षेत्र लावलं की पडद्यावरचा ताण वाढतो, आणि तो १ व्होल्टच्या आसपास गेला की बारीक भोकं पडतात. क्षेत्र बेताचं असेल तर ती बुजतात. १९८२ साली एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी अशाच भोकांतून उंदराच्या पेशींत जनुकं सोडली. क्षेत्र जोरकस असेल तर पेशीतला क्षारांचा तोल जातो आणि ती मरते. भाजत मात्र जवळजवळ नाही, कारण एकेक झटका सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांचा.

आणि खरी मेख पुढेच. ज्या क्षेत्राने हृदयाच्या स्नायूपेशी मरतात, त्याला अन्ननलिका आणि श्वासपटलाची नस बऱ्यापैकी तोंड देतात!

अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या उपकरणाला मान्यता दिली. त्याच वर्षी ६०७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात यश विजेने ७३.३ टक्के, जुन्या पद्धतींनी ७१.३. म्हणजे ठोके सुधारण्यात दोन्ही सारख्याच; आम्हाला भुरळ पडली ती शेजारचे अवयव वाचतात याची. धोका शून्य नाहीच. तांबड्या रक्तपेशीही फुटतात, त्याचा भार मूत्रपिंडावर येतो, म्हणून झटके मोजूनमापून देतात.

आम्ही हो म्हटलं. हे दुसऱ्या दिवशी घरी आले. पहिले दोन-तीन महिने ठोके मधूनच बिघडले तरी निकाल धरायचा नसतो, असं बजावलं आहे. सासूबाई रोज फोनवर विचारतात, "ताल कसा आहे?" हा अकरावा आठवडा. काल जिना चढताना हे दोनदा थांबले, पण म्हणाले, गुडघ्यामुळे.